भिंत बंद होण्याआधी

खुर्चीवाल्यांबद्दल कारकुनाला नेमकं किती माहीत होतं, असं कुणी विचारलं असतं तर त्याची पंचाईत झाली असती. त्यांचं मूळ गाव कोणतं, शिक्षण किती झालं, तरुणपणी ते कसे दिसायचे, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यापासून तो जवळजवळ रोज सकाळी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचा, हे खरं. पण एखाद्याजवळ बसणं वेगळं आणि त्याला ओळखणं वेगळं. त्यातून कारकुनाचा स्वभाव असा, की समोरच्याने आपणहून सांगितलं तर ऐकून घ्यायचं. विचारायला त्याची जीभ उचलायची नाही. आणि खुर्चीवाले आपणहून बोलायचे ते माणसांशी कमी, खुर्च्यांशीच जास्त.

"काय गं बाई, पार बसकण मारलीस की," एखादी मोडकी खुर्ची उलटी करून ते म्हणायचे. "कोण बसवला होता तुझ्यावर? हत्ती?"

त्यांचा धंदा वेताच्या खुर्च्यांचा. खुर्च्या बनवायच्या नाहीत, फक्त त्यांच्या फाटलेल्या बैठका नव्याने विणून द्यायच्या. दुकान रस्त्याच्या जरा खाली होतं, त्यामुळे खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. छताला खुर्च्यांचे सांगाडे टांगलेले. कोपऱ्यात पाण्याची बादली, तिच्यात वेताच्या पट्ट्या मऊ व्हायला टाकलेल्या. खुर्चीवाले मांडीवर सांगाडा घ्यायचे आणि पट्टी एका भोकातून वर, दुसऱ्यातून खाली अशी ओवत जायचे. आधी उभे पट्टे, मग आडवे, शेवटी तिरपे. तिरपे पट्टे कोपऱ्यात येऊन मिळतात तिथे खरी परीक्षा असते, कारण तिथेच ताण सुटतो. एवढं विणकाम कारकुनाला बसून बसून कळलं होतं. करायला सांगितलं असतं तर एक पट्टी ओवता आली नसती.

कारकुनाला ते "साहेब" म्हणायचे. आख्ख्या नोकरीत त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा हाक आली तेव्हा त्याने मागे वळून बघितलं होतं.

दुपारी काम हातावेगळं झालं, की खुर्चीवाले खुर्ची उजेडात ठेवून तिचा फोटो काढायचे आणि फोनवर आपल्या भिंतीवर लावायचे. भिंत म्हणजे एका मोठ्या कंपनीने दिलेली जागा. आपण लिहायचं, फोटो टाकायचा. येणाराजाणारा कुणीही तो बघणार, कुणीही खाली चार शब्द लिहिणार. लग्न होऊन परदेशी जाण्याआधी त्यांच्या लेकीने ती उघडून दिली होती. धंद्याला उपयोग होईल, असा तिचा विचार. उपयोग झालाही. पण कारकुनाच्या लक्षात आलं की फोटो लावून झाल्यावर खुर्चीवाले गिऱ्हाइकांची वाट बघत नाहीत. ते एकाच माणसाची वाट बघतात.

तो माणूस दुसऱ्या शहरातला, त्याच धंद्यातला. फोटो गेला की थोड्याच वेळात त्याचं वाक्य खाली उमटायचं.

"कोपरा झाकून फोटो काढायची कला छान साधली आहे."

खुर्चीवाले चष्मा वर ढकलून वाचायचे, हुं करायचे आणि एका बोटाने उत्तर टाईप करायचे. तेही सरळ त्याला नाही, हवेत सोडलेलं. "काही लोकांची नजर कोपऱ्यापलीकडे जात नाही. असो."

दुसऱ्या दिवशी, "पॉलिश सुंदर. विणकामाबद्दल न बोललेलं बरं."

"पॉलिशवाल्याला निरोप देतो."

समोरचा सुतार तर हे वाचायला म्हणून दुकानात डोकवायचा. "आज काय म्हणतोय तुमचा गडी? खरपूस आहे की नाही?" लोकही मजा घ्यायचे. कारकुनाला वाटायचं, धंद्यातली स्पर्धा आहे, चालायचंच. एकदा खुर्चीवाल्यांच्या बायको, म्हणजे वहिनी, जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, खुर्चीवाले हात धुवायला बाहेर गेले होते, तेव्हा त्यांनीच सांगितलं.

"स्पर्धा कसली हो भाऊ? सख्खा धाकटा भाऊ आहे तो यांचा."

कारकुनाने आपली खुर्ची जरा पुढे ओढली. वहिनींना तेवढं पुरलं.

दोघे भाऊ बापाकडून एकाच खोलीत काम शिकले, एकाच दुकानात विणायला बसायचे. एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई आपली खुर्ची न्यायला आल्या. दुकानात आणखी दोघंतिघं होते. थोरल्यांनी खुर्चीच्या बैठकीवरून हात फिरवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ही धाकट्याच्या हातची दिसतेय. राहू द्या बाई, मी उसवून पुन्हा विणून देतो. याला अजून कोपरे जमत नाहीत." धाकट्याला तेव्हा शाळेत जाणारी दोन मुलं होती. तो उठला, हात धुतले आणि गेला. नंतर त्याने मामांकरवी एकच निरोप पाठवला. चारचौघांत बोललास, चारचौघांत परत घे. तोवर बोलणं बंद.

"मग यांनी नाही घेतलं परत?" कारकुनाने विचारलं. हा प्रश्न आपण विचारला याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"हे? फोनवर सांगायला तयार होते. घरी जाऊन सांगायला तयार होते. चारचौघांत म्हटलं की तोंडाला कुलूप. आणि त्याचं म्हणणं, गुपचूप सांगितलेलं मला चालणार नाही. दोघे एका बापाचे, दुसरं काय! तरी बरं, ती भिंत आहे म्हणून रोज एकमेकांची खबर तरी कळते. टोमणा आला की समजायचं, स्वारी धडधाकट आहे. मध्ये त्याला ताप आला तेव्हा आठवडाभर काही आलं नाही, तर यांना जेवण गेलं नाही."

घरी जाताना कारकुनाच्या लक्षात आलं, की त्या दिवशी दुकानात असलेल्या दोघातिघांत तो स्वतः होता. आपली खुर्ची घेऊन तो पहिल्यांदाच तिथे आला होता. बोलणं ऐकून त्याने छताकडे बघितलं होतं, एवढंच त्याला आठवत होतं.

मग एके दिवशी कंपनीने जाहीर केलं की भिंती बंद होणार. कंपनीचे मुख्य म्हणाले, लोकांचं बोलणं ज्याचं त्याच्यापाशी राहिलं पाहिजे. यापुढे ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने त्याच्याशीच बोलावं. फार तर ओळखीच्यांचा छोटा ग्रुप करावा. ते बोलणं बाहेरच्याला सोडाच, कंपनीलाही वाचता येणार नाही. महिनाअखेरीपर्यंत भिंती राहतील, मग आपापलं जुनं लिखाण फक्त आपल्याला दिसेल.

"बरं झालं," सुतार म्हणाला. "मेव्हण्याच्या सहलींचे फोटो बघून डोळे गेले माझे."

खुर्चीवालेही आधी हसले. "आपल्याला काय फरक पडतो? ज्याची खुर्ची मोडेल तो येईल शोधत." आणि हातातली पट्टी ओढता ओढता थांबले. पट्टी तशीच अर्धवट राहिली.

"मग आता भाऊजी टोमणे कुठे मारणार?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते मुद्दामच विचारलं असावं.

"मारेल कुठेतरी."

"कुठे? तुमच्याशी एकट्याशी तर तो बोलणार नाही. आणि चारचौघं म्हणावेत असं आता काही राहणार नाही."

खुर्चीवाल्यांनी अर्धवट पट्टी पुन्हा ओढायला घेतली. कंपनीचे लोक असंच काहीसं सांगत होते, की आता मनातलं मोकळेपणाने बोला, कुणी ऐकत नाही. या माणसाला नेमकी उलटी अडचण होती. त्याचं देणं होतं ते सगळ्यांच्या देखत द्यायचं होतं, आणि ते सगळेच आता उठून चालले होते.

चारपाच दिवस त्यांनी कामात डोकं घातलं. मग एका सकाळी कारकून येऊन बसतो न बसतो तोच ते म्हणाले, "साहेब, तुमचा जन्म कागद लिहिण्यात गेला. मला चार ओळी लिहून द्या."

कारकुनाला घाम फुटला. पण नाही म्हणणंही त्याला जमत नसे. घरी बसून त्याने मसुदा केला, तीनदा फाडला, दुसऱ्या दिवशी आणून दिला. खुर्चीवाल्यांनी मोठ्याने वाचला.

"विषय, दिलगिरी व्यक्त करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की..." त्यांनी कागद खाली ठेवला. "साहेब, ही माफी आहे की जप्तीची नोटीस?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. कारकूनही हसला. त्याला तसंच लिहिता येत होतं, त्याला तो तरी काय करणार!

शेवटी खुर्चीवाल्यांनी स्वतःच लिहिलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. "धाकट्या, डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवरून मी सगळ्यांसमोर तुला बोललो. तसं बोलायला नको होतं. ते शब्द मी इथे सगळ्यांसमोर परत घेतो. दादा." लिहून झाल्यावर फोन उलटा ठेवला आणि ते तोंड धुऊन आले.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुताराने डोकावून काही चेष्टा केली नाही, तेव्हा खुर्चीवाल्यांना वाटलं, माणूस समजूतदार आहे, मुद्दाम गप्प राहिला. महिना संपला आणि भिंत बंद झाली.

पुढचे दिवस दुकानात बसणं अवघड होतं. खुर्चीवाले खुर्च्यांशीही बोलेनात. पट्ट्या इतक्या ओढायचे की ताडकन तुटायच्या. "मी माझ्याकडून केलं," एकदा ते म्हणाले. "चारचौघांत म्हणाला, चारचौघांत केलं. आता त्याची मर्जी. लहान भाऊ म्हणून किती नाक घासायचं?"

वहिनी म्हणाल्या, "तो असा नाही हो. हो म्हणेल नाही तर दोन शिव्या घालेल, पण गप्प बसणार नाही."

"मग वाचा तुम्हीच. काय चुकलं त्यात सांगा." खुर्चीवाल्यांनी जुनं लिखाण उघडून फोन कारकुनाच्या हातात दिला. "साहेब, वाचा. एखादा शब्द लागण्यासारखा आहे का?"

कारकुनाने वाचलं. लागण्यासारखं काही नव्हतं. परत देताना त्याला तारखेशेजारी एक बारीक खूण दिसली. विचारावं की नाही असं त्याला क्षणभर झालं. आपल्याला फोनमधलं काय कळतं? तरी त्याने विचारलं, "हे कुलूप कसलं हो?"

"कुठलं कुलूप?"

वहिनींनी फोन घेतला, कुलपावर बोट दाबलं. खाली अक्षरं आली: लिहिल्यापासून हे फक्त तुम्हाला दिसते.

मग उलगडा झाला. भिंती बंद होण्याची सूचना आली तेव्हा कंपनीने प्रत्येकाला विचारलं होतं, तुमचं यापुढचं लिखाण सुरक्षित ठेवायचं का? खुर्चीवाल्यांनी 'हो' दाबलं होतं.

"सुरक्षित ठेवायचं का म्हटल्यावर नको कोण म्हणेल?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मी हे कुणाला सांगितलं?"

"स्वतःला," वहिनी म्हणाल्या. "एवढी वर्षं काढली आणि माफी मागितली ती स्वतःचीच."

आणि एकाएकी खुर्चीवाले हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "तरीच! तरीच म्हटलं, तो गप्प कसा बसला!" पण हसू ओसरल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला, कारण भिंत गेली ती गेलीच होती.

तोड वहिनींनी काढली. "त्या दिवशी दुकानात होतं कोण कोण? तेवढ्यांचा ग्रुप करा. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर परत घ्या. आख्ख्या जगाला घेऊन काय करायचंय?"

खुर्चीवाल्यांनी आठवलं. सुतार होता. डॉक्टरीणबाई होत्या. "आणि आणखी एक गिऱ्हाईक होतं, छताकडे बघत उभं होतं..." ते थांबले आणि कारकुनाकडे बघायला लागले. "अहो साहेब, तुम्हीच की!"

कारकुनाने हो म्हणून मान हलवली.

डॉक्टरीणबाईंचा नंबर कुणाकडेच नव्हता. त्यांचा दवाखाना कारकुनाच्या घराच्या वाटेवर होता, म्हणून ते काम त्याच्यावर आलं. तो बाकावर बसून राहिला, नंबर लागल्यावर आत गेला आणि काही बोलायच्या आत बाईंनी त्याला खुर्चीत बसवून दिवा तोंडावर आणला.

"आ करा."

त्याने आ केला. बाईंनी सगळे दात तपासले, एक दाढ हलतेय म्हणाल्या, आणि मग विचारलं, "दुखतंय कुठे?"

"दुखत नाही," कारकून म्हणाला. "मी वेताच्या खुर्चीचं विचारायला आलो होतो."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना तो दिवस चांगला आठवत होता. नंबर दिला आणि म्हणाल्या, "दाढेसाठी मात्र परत या."

ग्रुप झाला त्या दिवशी सुतार आपलं काम टाकून दुकानात येऊन बसला. वहिनी होत्या, कारकून होता. खुर्चीवाल्यांनी धाकट्याला ग्रुपमध्ये घेतलं आणि तीच वाक्यं पुन्हा लिहिली. शेवटी एवढंच वेगळं: "त्या दिवशी होते ते सगळे इथे आहेत." या वेळी कुलूप नाही ना, हे वहिनींनी दोनदा बघितलं.

पहिल्या लिहित्या झाल्या डॉक्टरीणबाई. "अहो, ती खुर्ची मी तेव्हा तशीच नेली, परत आणलीच नाही तुमच्याकडे. तुम्ही त्यांना तसं बोललात, मला फार वाईट वाटलं होतं. अजून त्याच बैठकीवर बसते रोज." आणि खाली फोटो.

खुर्चीवाल्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. वेत काळपट पडला होता. उजवा कोपरा जरा झोळलेला होता, पण एकही पट्टी तुटलेली नव्हती. मग लिहिलं, "टिकली आहे."

धाकट्याचं उत्तर आलं ते ग्रुपवरच, पण थेट त्यांना उद्देशून.

"दादा, उजवा कोपरा ढिलाच होता. तेव्हाच कळत होतं मला."

सुताराने कपाळाला हात लावला. खुर्चीवाल्यांनी लिहिलं, "मग?"

"मग काय मग! वेत ठेवायची मागची खोली होती ना? तिथे नेऊन माझा कान उपटायचास. बाईंच्या समोर कशाला?"

खुर्चीवाल्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. फोन वाजायला लागला. धाकट्याचाच होता. खुर्चीवाले उठले, मांडीवरच्या पट्ट्यांचे तुकडे झटकले आणि फोन कानाला लावून मागच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

वहिनी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. कारकून खोकला.

"मी काही ऐकत नाहीये," त्या म्हणाल्या आणि आणखी जवळ सरकल्या.

सुताराने ग्रुपवर लिहिलं, "साक्षीदारांनी आता घरी जावं का?" थोड्या वेळाने तो आपल्या कामाला गेला.

खुर्चीवाले बाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. "काय म्हणाला?" वहिनींनी विचारलं. "काय नाही. आमचं आम्ही," ते म्हणाले आणि बादलीतल्या पट्ट्या वरखाली करायला लागले. आत काय बोलणं झालं ते कारकुनाला कधीच कळलं नाही. वहिनींनाही सांगितलं नसावं, नाही तर त्यांनी सांगितलं असतं.

धाकट्याकडे एका जुन्या सभागृहाच्या खुर्च्या आल्या होत्या आणि त्याची नजर अधू होत चालली होती. तिरपे पट्टे त्याला दिसत नव्हते. महिनाभरासाठी म्हणून खुर्चीवाले आणि वहिनी त्याच्याकडे गेले. महिन्याचे दोन झाले, मग दुकान सोडल्याचं कळलं. धाकटा उभे-आडवे पट्टे घालायचा, कोपरे थोरले करायचे. ग्रुप कुणी सोडला नव्हता, त्यामुळे मधून मधून खुर्च्यांचे फोटो यायचे आणि त्यांखाली दोघांची भांडणं, एकाच खोलीत बसून केलेली. थंडीत एका सकाळी धाकट्याने त्याच ग्रुपवर लिहिलं की दादा गेला, झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी आणि सुताराने दोन दोन ओळी लिहिल्या. कारकुनाने बरंच काही लिहून खोडलं आणि शेवटी फक्त नमस्कार केला.

कारकुनाचं खुर्चीवाल्यांशी शेवटचं बोलणं झालं होतं ते धाकट्याकडे निघाले त्या दिवशी. टॅक्सी दारात उभी होती. वहिनी आत बसल्या होत्या. कारकून एक पिशवी हातात देऊन बाजूला उभा राहिला. खुर्चीवाल्यांनी वर आभाळाकडे बघितलं.

"काय साहेब, पाऊस येईल का?"

"नाही वाटत."

"मग छत्री ठेवून जातो."

"ठेवा. नाही, असं करा, घेऊनच जा."

"ठरवा एकदा काय ते."

"घेऊन जा."

"बरं," ते म्हणाले, आणि छत्री काखेत मारून टॅक्सीत बसले.